सहल वेगळी, विसावा वेगळा

हातातलं काम सोडून बसा असं आम्ही म्हणणार नाही, कारण तुम्ही बसणार नाही हे आम्हाला ठाऊक आहे. लसूण सोलायचा असेल तर सोला, शेंगा फोडायच्या असतील तर फोडा. कान तेवढे इकडं असू द्या.

गेल्या दोन महिन्यांत आमच्या ग्रामसंघाच्या बैठकांमध्ये एक विषय सारखा निघतोय. दिवाळीनंतर गटांची सहल निघते. कधी अष्टविनायक, कधी गणपतीपुळे, एकदा तुळजापूर-अक्कलकोट. यंदा दोन गटांनी विचारलं, "ताई, सहलीऐवजी ते वेलनेस रिट्रीट म्हणतात, तिथं गेलं तर?" मोबाइलवर जाहिराती येतात ना. पांढऱ्या टॉवेलात झोपलेली बाई, डोळ्यांवर काकडीच्या चकत्या, आणि खाली लिहिलेलं, तीन दिवसांत नवीन व्हा. ती जाहिरात बघून आमच्यातल्या एक आजी म्हणाल्या, "डोळ्यावर काकडी ठेवायला इतक्या लांब कशाला? आपल्या वावरात आहे की." सगळ्या हसल्या. पण प्रश्न तसाच राहिला, म्हणून आज त्यावर बोलू.

रिट्रीट म्हणजे मागं सरणं. लढाईतून सैन्य मागं घेतात, त्यालाही इंग्रजीत हाच शब्द. वेलनेस म्हणजे धडधाकट असणं. तर रोजच्या धबडग्यातून काही दिवस मागं सरायचं आणि तेवढे दिवस फक्त शरीराकडं आणि मनाकडं बघायचं, असा त्याचा अर्थ. याला मराठीत आरोग्य शिबिर म्हणावं, तर आपल्या डोळ्यांपुढं शाळेच्या व्हरांड्यातली बीपी तपासायची रांग येते. म्हणून आम्ही आपलं याला विसाव्याचं शिबिर म्हणतो.

आधी सहलीचं बघू. सहल निघायच्या आदल्या रात्री काय होतं? दशम्या होतात, शेंगदाण्याची चटणी कुटली जाते, मागं राहणाऱ्यांसाठी दोन वेळची भाजी करून ठेवली जाते. जनावरांना चारा कापून टाकला जातो. पहाटे तीनला उठून पाणी भरलं की मग बाई गाडीत बसते. बरोबर एखादं लेकरू असतं, कधी सासूबाई असतात. दोन दिवसांत पाच ठिकाणं करायची, म्हणून प्रत्येक ठिकाणी पळापळ. रांगेत उभं राहायचं, चहा प्यायचा, वडापाव खायचा, फोटो काढायचे, पुन्हा गाडीत. रात्री मुक्कामाला धर्मशाळेत पोचलं की कुणाचं पोट बिघडलंय, कुणाची गोळी राहिलीय, ते बघायचं. घरी आलं की धुण्याचा ढीग वाट बघत असतो.

म्हणून सहल वाईट, असं आम्ही अजिबात म्हणत नाही. गाडीत गाणी म्हणताना, समुद्रात पाय बुडवून साडी भिजवताना आमच्या बायका जशा हसतात, तशा वर्षात दुसऱ्या कधी हसत नाहीत. पहिल्यांदा समुद्र बघितलेली पन्नाशीची बाई आम्ही बघितली आहे. ती बराच वेळ काही बोललीच नाही. त्या गप्प बसण्याची किंमत कशात करणार? सहलीनं डोळ्यांना नवं दिसतं आणि मैत्री घट्ट होते. पण सहलीत जागा बदलते, बाईचं काम बदलत नाही. घरी ती वाढते, सहलीतही तीच वाढते.

२०१९ साली सरकारनं देशभर एक पाहणी केली होती. माणसं दिवसाचा वेळ कशात घालवतात, याची. घरकाम करणाऱ्या बायका बिनपगारी घरकामात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवतात, म्हणजे जवळजवळ पाच तास. आणि जे पुरुष घरकाम करतात, त्यांची सरासरी ९७ मिनिटं. ही नुसत्या घरकामाची मिनिटं झाली. लेकराबाळांचं, आजाऱ्यांचं करण्याचा वेळ त्या पाहणीत वेगळा मोजला आहे, आणि रोजगाराचं काम त्याहून वेगळं. नोकरदार माणसाची सुट्टी म्हणजे कचेरीतून सुटका. बाईची कचेरी चुलीपाशी असते, आणि चूल तिच्याबरोबर सहलीला निघते.

विसाव्याच्या शिबिरात नेमकं उलटं असतं. तिथं बघायला फारसं काही नसतं. किती ठिकाणं बघितली हे तिथं कुणी विचारत नाही. तिथं तुमच्याकडून एकेक गोष्ट काढून घेतात. चहा काढून घेतात, मीठ-तिखट काढून घेतात, मोबाइल काढून घेतात, कुठं कुठं बोलणंसुद्धा. आणि त्याबरोबर तुमचं कामही काढून घेतात. दिवस कसा घालवायचा हे तुम्ही ठरवायचं नाही. घंटा वाजली की उठायचं, घंटा वाजली की जेवायचं.

आपल्याकडचीच दोन उदाहरणं सांगतो. पुणे-सोलापूर रस्त्यावरचं उरुळी कांचन सगळ्यांना माहीत आहे. १९४६ च्या मार्च महिन्यात महात्मा गांधी तिथं येऊन राहिले आणि निसर्गोपचाराचं काम सुरू झालं. त्याआधी पुणे शहरात डॉ. दिनशा मेहता यांचं निसर्गोपचार केंद्र होतं, तिथं गांधीजी राहून गेले होते. ते केंद्र गरिबांसाठी चालवावं असा विचार होता. पण खेड्यातला गरीब माणूस उपचारासाठी शहरात येणार कसा आणि राहणार कुठं? म्हणून उपचारच खेड्यात न्यायचं ठरलं. गांधीजी पुढं गेले, पण मणिभाई देसाई नावाचे तरुण कार्यकर्ते तिथंच राहिले आणि त्यांनी तो आश्रम उभा केला. याच मणिभाईंनी १९६७ साली बाएफ ही संस्था काढली. तुमच्यापैकी ज्यांच्या गोठ्यात संकरित गाय आहे, त्यांना हे नाव सांगायला नको. निसर्गोपचार आश्रम तिथं आजही चालू आहे. आज वेलनेस म्हटलं की हॉटेल आणि पोहण्याचा तलाव डोळ्यांपुढं येतो, पण आपल्याकडं ही गोष्ट खेड्यातल्या गरिबांसाठी म्हणून सुरू झाली होती, एवढं ध्यानात ठेवा.

निसर्गोपचारात माती, पाणी, ऊन, उपास आणि साधं खाणं हीच साधनं. पोटावर ओल्या मातीची पट्टी ठेवतात. टबात कंबरेपर्यंत पाण्यात बसवतात, त्याला कटिस्नान म्हणतात. मालिश असते, वाफ असते, सकाळची योगासनं असतात. जेवण उकडलेलं, बिनमिठाचं किंवा अगदी कमी मिठाचं.

दुसरं उदाहरण इगतपुरीचं. तिथं धम्मगिरी म्हणून विपश्यनेचं केंद्र आहे. सत्यनारायण गोयंका यांच्या पद्धतीनं १९७६ पासून तिथं शिबिरं होतात. शिबिर दहा दिवसांचं. पहाटे चारला घंटा होते, रात्री साडेनवाच्या सुमाराला दिवे बंद. दिवसभरात मिळून दहा तासांच्या आसपास ध्यानाला बसायचं. बोलायचं नाही, खुणाही करायच्या नाहीत, वाचायचं-लिहायचं नाही. अडचण असेल तर शिक्षकांशी किंवा सेवकांशी बोलता येतं. बायका-पुरुषांची सोय वेगवेगळी. सकाळी अकराला जेवण, आणि नव्या माणसाला संध्याकाळी पाचला चहा किंवा दूध आणि काहीतरी हलकं खाणं. फी नाही. शिबिर पूर्ण झाल्यावर ज्याला वाटेल त्यानं दान द्यायचं. आता सांगा, याला सुट्टी कोण म्हणेल? दहा दिवस तोंड बंद ठेवायचं म्हटल्यावर आमच्या बैठकीत दोघी तर उठूनच गेल्या.

वारीचं काय, असंही एकीनं विचारलं. वारी म्हणजे सहल की शिबिर? आम्हाला वाटतं, वारी दोन्हींच्या मधली. देखावे आहेत, गर्दी आहे, गाणं आहे. पण रोजचा क्रमही ठरलेला आहे. आणि दिंडीत भिशी भरली की जेवण आयतं मिळतं, ही बायकांच्या दृष्टीनं लहान गोष्ट नव्हे.

खरं म्हणजे अशा शिबिराची आपल्याला ओळख नाही असं नाही. बाळंतिणीची खोली आठवा. सव्वा महिना बाहेर पडायचं नाही. रोज अंगाला तेल, कढत पाण्यानं आंघोळ, शेक-शेगडी. खाणं ठरलेलं, डिंकाचे लाडू, अळीव, बाजरीची भाकरी. भेटायला येणाऱ्यांवर रोख. दुपारी निजायचं म्हणजे निजायचंच, आई ओरडून निजवणार. हेच की ते रिट्रीट. त्यातल्या कोंडलेल्या खोलीचं आणि धुराचं आम्ही कौतुक करत नाही, ते सुटलं हे बरंच झालं. पण मूळ गोष्ट बघा. दिवाळीचं माहेरपण ही सुट्टी, तिथं भावजयीच्या हाताखाली आपण चकल्या पाडतच असतो. आणि बाळंतपणाचे ते दिवस म्हणजे विसावा, कारण तेव्हा बाईला कामाला हात लावू देत नाहीत. फरक आपल्या आयांना ठाऊक होता. फक्त तो विसावा मिळवायला बाईला बाळंत व्हावं लागत होतं.

आणि खरी अडचण इथंच आहे. आमच्या एका गटातल्या वहिनींनी गेल्या वर्षी आठ दिवस एका निसर्गोपचार केंद्रात जायचं ठरवलं. गुडघे दुखायचे, झोप लागायची नाही. घरात पहिला प्रश्न आला, "एवढी काय आजारी आहे ती?" नवरा वाईट नाही, शेतात बरोबरीनं राबतो. सासूबाईही प्रेमळ. देवाला जाते म्हणाली असती तर कुणी अडवलं नसतं. दवाखान्यात भरती केलं असतं तर डबा घेऊन सगळं घर आलं असतं. पण बरी असताना, फक्त विसाव्यासाठी आठ दिवस? हे कुणाच्या हिशेबातच बसेना. दोन गाई कोण बघणार, डेअरीला दूध कोण घालणार, धाकट्याची शाळा.

तेव्हा गटानं सावड केली. पेरणीला, खुरपणीला आपण एकमेकींच्या रानात जातो, तशीच. दोघींनी गाईंचं घेतलं, एकीनं सकाळच्या भाकरी, शेजारच्या घरानं धाकट्याला. आणि एक गोष्ट आम्ही अडून करून घेतली. संध्याकाळची भाकरी-भाजी नवऱ्यानं आणि थोरल्या मुलानं करायची. पहिले दोन दिवस खिचडी झाली. तिसऱ्या दिवशी पिठलं झालं, असं ऐकलं. गाठी होत्या म्हणे, पण संपलं.

तिकडं वहिनींचं काय झालं, ते त्यांनी बैठकीत सांगितलं तसं सांगतो. पहिला दिवस बरा गेला. दुसऱ्या दिवशी डोकं असं चढलं की उठून घरी यावं वाटलं. चहा बंद झाल्यामुळं तसं होतं. रोज चार-पाच कप पिणारीचा चहा एकदम सुटला की पहिले दोन-तीन दिवस डोकं दुखतं, चिडचिड होते, मग ओसरतं. जायच्या आधी आठवडाभर एकेक कप कमी करत आलं, तर हा त्रास कमी होतो. बिनमिठाची भाजी पहिल्या दिवशी घशाखाली उतरत नव्हती. पाचव्या दिवशी त्यांना दुधीची चव कळली. "दुधीला चव असते हे मला त्रेचाळीसाव्या वर्षी कळलं," असं त्या म्हणाल्या.

पण त्यांना सगळ्यांत अवघड गेली ती दुपार. दोन ते चार पडून राहायचं. हाताला काम नाही. त्या म्हणाल्या, "मला चोरी केल्यासारखं वाटायचं." शेवटी त्या उठून स्वयंपाकघरात भाजी निवडायला गेल्या, तर तिथल्या बाईंनी हात धरून परत खोलीत आणून सोडलं. आणि जेवणाच्या पंगतीत पहिल्यांदा कुणीतरी भरलेलं ताट आणून समोर ठेवलं, तेव्हा त्यांना रडू आलं. हे ऐकताना आमच्या बैठकीत कुणी काही बोललं नाही. त्या भरलेल्या ताटासाठी तरी एकदा प्रत्येकीनं जावं, असं आम्हाला तेव्हापासून वाटतं.

आता त्या परत आल्यावर काय टिकलं? वजन अडीच किलो उतरलं होतं, त्यातलं बरंचसं महिन्यात परत आलं. पहिल्या आठवड्यात उतरतं ते वजन बरंचसं पाण्याचं असतं. त्यामुळं आठ दिवसांत पाच किलो म्हणून जे सांगतात, त्यावर जाऊ नका. सहलीचा ताजेपणाही असाच असतो. सुट्टीचा तजेला कामाला लागल्यावर काही आठवड्यांत ओसरतो, असं अभ्यासांमध्ये दिसून आलं आहे. फरक एवढाच, की शिबिरातून एखादी सवय बरोबर आणता येते. वहिनींच्या घरी आता भाजीला मीठ कमी पडतं आणि लोणच्याची बरणी ताटाशेजारून फळीवर गेली. मीठ कमी झालं की रक्तदाबाला फायदा होतो, हे पक्कं आहे. पण ते घरात रोज चालू राहिलं तरच. दुपारी अर्धा तास त्या पडतात. पूर्वी त्या वेळात सासूबाई हाक मारायच्या, आता मारत नाहीत. आम्हाला विचाराल तर आठ दिवसांची खरी कमाई तो अर्धा तास आहे.

आता जपायच्या गोष्टी. याबाबतीत आम्ही जरा कडक बोलणार आहोत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी आहे. अशा बाईला उपासाचं शिबिर नको. तिला उपास पुष्कळ झालेत. तिला पोटभर जेवण, हिरव्या पालेभाज्या, डाळी आणि डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या पाहिजेत. आधी आशाताईंना सांगून हिमोग्लोबिन तपासून घ्या. पोटुशी असेल, अंगावर पाजत असेल, तर उपास, एनिमा, वाफ यांच्या वाटेला जाऊ नका. साखरेची गोळी किंवा इन्सुलिन चालू असताना जेवण तोडलं तर साखर एकदम खाली जाते. घाम फुटतो, हात थरथरतात, डोळ्यांपुढं अंधारी येते. वेळेवर साखर पोटात गेली नाही तर जीवावर बेततं. बीपीची गोळी मनानं बंद केली तर तीही उलटते. पलीकडच्या गावातल्या एका मावशींना एका केंद्रावर सांगितलं, इथं आहात तोवर सगळ्या गोळ्या बंद. मावशी खमक्या. त्या म्हणाल्या, "आमच्या डॉक्टरांना फोन लावा, ते बोलले तर बंद करते." फोन कुणी लावला नाही. मावशी दुसऱ्या दिवशी गाडीत बसून घरी आल्या, आणि भरलेल्या पैशांतले निम्मे परतही घेतले. आपले डॉक्टर आणि तिथले डॉक्टर एकमेकांशी बोलायला तयार नसतील, तर तिथं राहू नये.

विपश्यनेसारख्या शिबिरालाही हेच. ज्यांना गंभीर मानसिक आजार आहे त्यांना तिथं जाऊ नका असंच सांगतात, आणि अर्जात त्याबद्दल विचारतात. तो रकाना खरा भरायचा. लपवायचं नाही.

आणि जाहिरातीतलं ओळखायचं कसं? फोन करून विचारा, सकाळी कितीला उठवता, जेवणात काय असतं, तपासायला डॉक्टर कोण आहेत, आजार असलेल्या माणसाला नको म्हणता का. नको म्हणणारी जागा चांगली. सगळ्यांना या या म्हणतात, सगळे आजार बरे करतो म्हणतात, आणि नाश्त्याला काय पाहिजे ते मिळेल म्हणतात, ते हॉटेल आहे. हॉटेलात जायला हरकत नाही, हौस म्हणून जा, पण मग त्याला हौसच म्हणा. आणि त्यासाठी गटातून कर्ज उचलू नका. शेळीसाठी, शिलाई मशीनसाठी घेतलेलं कर्ज फिटायला वाट असते. मालिशचं कर्ज कशातून फिटणार?

मग यंदा काय करायचं? आम्ही बैठकीत ठरवलं ते सांगतो, तुम्ही तुमचं ठरवा. सहल बंद करायची नाही. ती एक दिवसाची करायची, एकच ठिकाण, आणि जेवण तिथल्याच एखाद्या गटाकडून विकत घ्यायचं. म्हणजे आपल्यासारख्याच बायकांना काम मिळतं आणि आपल्या दशम्या वाचतात. उरलेल्या पैशांत शिबिराला गटातून दोघींना पाठवायचं, आणि त्यांच्या घरची सावड बाकीच्यांनी वाटून घ्यायची. पहिल्या दोघी कोण, यावर बराच वाद झाला. वयानं मोठ्या त्या आधी, असं काहींचं म्हणणं. आम्ही म्हटलं, जी सगळ्यांत जास्त "मला नको, माझ्या घरी जमायचं नाही" म्हणतेय, तिचं नाव आधी लिहा.

नाव लिहिलंय. त्यांच्या घरी बोलायला येत्या सोमवारी संध्याकाळी आम्ही चौघी जाणार आहोत. त्यांच्याकडं तीन म्हशी आहेत, तेव्हा धार काढता येणारी आणखी एक जण पाहिजे. ज्यांना जमेल त्यांनी बैठकीत नाव द्यावं. पुढच्या आठवड्यात याच वेळेला भेटू. नमस्कार.